खंडेनवमीचा कटर

१

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या टेबलावर एक तुटलेलं कुलूप येऊन पडलं. चांगलं दणकट पितळी कुलूप, कडी मधोमध कापलेली, आणि कापलेल्या जागी लाल पूड. मी बोट लावून पाहिलं. कुंकू होतं. तेही दोन दिवसांपूर्वी मनामा शहरातल्या बाजारातून मीच आणून दिलेलं.

कुलूप आणलं होतं कश्मिरानं. ही आमच्या शाळेची काउन्सेलर, मुंबईची पारशीण, स्वभावानं गरीब आणि सदा घाबरलेली. तिच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचं ते कुलूप होतं. कपाटात बाकी सगळं जागच्या जागी होतं, फक्त एक फाइल गेली होती.

आधी मी कोण ते सांगते. मी सुनंदा, मूळची कराडची. बहारीनमध्ये जनाबियाला एक अमेरिकन पद्धतीचं हायस्कूल आहे, तिथं एकोणीस वर्षं मी हजेरी मांडली. शाळेचं नाव सांगत नाही. अमेरिकेतल्या कुठल्याशा उपनगरातलं सरकारी हायस्कूल जसंच्या तसं उचलून वाळूत आणून ठेवलंय म्हणा ना. पिवळ्या बस, कॉरिडॉरभर लॉकर, फुटबॉलचं हिरवंगार मैदान आणि ते हिरवं ठेवायला दिवसभर पाणी मारणारी आपली माणसं. पोरांच्या खोट्या सबबी वाचण्यात माझी हयात गेली. एकोणीस वर्षांत माझ्या हजेरीत एक खूण चुकलेली नाही, असं मी सांगत फिरायची.

गेलेल्या फाइलीत दोन वह्या होत्या. केमिस्ट्रीच्या प्रयोगांच्या. सप्टेंबरातल्या एका दिवसाचे आकडे दोन्हींत दशांश चिन्हासकट सारखे होते. एक वही अनुष्काची, आणि दुसरी गंधारची. गंधार माझा मुलगा. दोघं बारावीला, दोघांचे अर्ज महिनाअखेरीला अमेरिकेतल्या कॉलेजांना जायचे. वह्यांबरोबर प्रयोगशाळेच्या दारात पोरं सही करतात तो कागदही होता. कुणी कुणाचं उतरवलं हे त्या कागदांवरून गुरुवारी दहा वाजता ठरणार होतं. माझं आधीच ठरलं होतं. अनुष्कानं गंधारचं उतरवलं. आईला पुरावा लागतो कशाला?

आता ती बैठकच होणार नव्हती. आणि अख्ख्या शाळेत कुंकू एकाच खोलीत होतं.

२

ती खोली शंभूची. मैदानामागचं मेन्टेनन्सचं वर्कशॉप.

शंभू लांज्याकडचा. माझे यजमान मीना सलमान बंदरावर एका वर्कशॉपात फोरमन होते, तेव्हा हा त्यांच्या हाताखाली होता. त्यांनीच त्याला या शाळेत लावला. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, पण शंभू मला वैनीच म्हणतो आणि दर वर्षी आमचा गणपती त्याच्याच हातातून उठायचा. डिसेंबरात तो कायमचा गावी जायचा होता. बावीस वर्षांत एका खिळ्याचा आरोप नाही, असं त्याची बायको रत्नाबाई गावभर सांगायची, आणि त्याला त्याचाच काय तो अभिमान.

बुधवारी खंडेनवमी होती. शंभूनं दर वर्षीसारखी पूजा मांडली. फळीवर लाल कापड, त्यावर पाने, करवती, ड्रिल आणि कुलपं-साखळ्या कापायचा तो दोन हात लांबीचा कटर. मागे विश्वकर्म्याची तसबीर. शाळेत आग चालत नाही म्हणून समई बॅटरीची. दार सताड उघडं, कारण देव बसलेल्या खोलीला तो कडी घालत नाही. कोपऱ्यात त्याचा चहाचा संसार, किटली, चहापत्ती, साखरेची बरणी. आम्ही सगळे पेढा घ्यायला जाऊन आलो. गेटवरचा कमाल आला, कश्मिरानं अर्धा पेढा घेतला, अनुष्काचे वडील विवेक शाळेच्या कमिटीच्या मीटिंगला आले होते तेही बूट काढून नमस्कार करून गेले. गंधारनं दोन पेढे खाल्ले.

दुपारी शेवटच्या तासाला पेप रॅली. म्हणजे सामन्याआधी सगळ्या शाळेनं जिममध्ये बसून तासभर बोंबलायचं. रॅलीला हजेरी घेत नाहीत. कोण आत, कोण बाहेर, कुणाला पत्ता नसतो. कपाट फुटलं ते त्याच तासात, कारण त्याआधी कश्मिरा खोलीत होती आणि नंतर खोलीला बाहेरून कुलूप होतं.

आमच्या प्रिन्सिपॉल डॉ. लाईबा. आईवडील लाहोरचे, स्वतः ओहायोत वाढलेल्या, बोलणं गोड. त्यांनी मला बोलावून हिशेब मांडला तो असा. कटर शंभूचा, कुंकू शंभूचं, रॅलीच्या तासाला शंभू कुठं होता तर वर्कशॉपामागच्या बाकावर, एकटा. कुणाच्या तरी सांगण्यावरून केलं असणार. रविवारी दुपारी बारापर्यंत त्यानं लिहून दिलं तर नुसता व्हिसा रद्द करून घरी. नाहीतर पोलीस. आणि त्याच्याकडून ते लिहून घ्यायचं काम माझं.

"तुमचा माणूस आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं ऐकेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मी तशीच तणतणत वर्कशॉप गाठलं.

३

शंभू बाकावर बसला होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "वैनी, खंडेनवमीला मी हत्याराला हात लावत नाय. माझ्या बापानं कधी लावलान नाय."

मला ते सांगायची गरज नव्हती. एका वर्षी नवमीलाच डॉ. लाईबांच्या केबिनचं दार अडकलं होतं, तर हा बहाद्दर पठ्ठ्या खिडकीतून आत शिरून नखांनी स्क्रू काढत बसला होता. पण हे लाईबांना समजावणार कोण?

त्यांना कटर हवा होता, पुरावा म्हणून. शंभू म्हणाला, उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलणार नाही. म्हटलं, बाबा, मग कर. दसरा उजाडलाय.

त्यानं अक्षतांची वाटी घेतली आणि थांबला. वाटी काल काठोकाठ होती, आज मधोमध चिमटीएवढा खळगा. शंभू हत्यारांवर तांदूळ कधी टाकत नाही, सांध्यात अडकतात म्हणतो. हत्यारांना हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल, अक्षता फक्त तसबिरीच्या पायाशी. आताही त्यानं तसंच केलं, फळी जराशी हलवली आणि एकेक हत्यार उचलायला लागला. पान्याखाली कापड स्वच्छ. करवतीखाली स्वच्छ. ड्रिलखाली स्वच्छ. कटर उचलला, तर त्याखाली दहा-बारा अक्षता आणि मुंग्यांची ही रांग.

शंभू त्या जागेकडे बघत राहिला. मग त्यानं ओलं फडकं घेतलं आणि एका हातासरशी सगळं पुसून टाकलं.

मी ओरडलेच त्याच्यावर. अरे शहाण्या, तुझ्याच सुटकेचा पुरावा पुसतोस? तो खाली मान घालून म्हणाला, मुंग्या आहेत, चावतील. मला वाटलं, भीतीनं डोकं ठिकाणावर नाही बिचाऱ्याचं.

माझं मात्र ठिकाणावर होतं. अक्षता कटरच्या खाली होत्या. म्हणजे कुणीतरी आधी कटरवर अक्षता वाहिल्या, त्या घसरून कापडावर पडल्या, मग कटर उचलला, काम उरकलं आणि परत आणून त्याच जागी ठेवला. शंभू हत्यारावर तांदूळ टाकत नाही, म्हणजे हा शंभू नव्हे. आणि पूजेतली वस्तू देवाला सांगितल्याशिवाय उचलायची नाही, हे बांगलादेशी कमालला कुठून ठाऊक असणार? कश्मिराला कुठून? तिच्याकडे तर किल्लीच होती, ती कुलूप कापेल कशाला?

चोर मराठी होता. देवाला भिणारा आणि चोरीला न भिणारा. आणि काल पूजेला आलेल्यांत तसा एकच माणूस मला दिसत होता.

४

कमालला गाठलं. तो म्हणाला, रॅलीच्या वेळी बाहेरून कोणी आलं नाही, मफी, म्हणजे कुणीच नाही. बाहेर गेलं कोण? विवेकसाहेब मधेच उठून पार्किंगकडे गेले होते, हातात बॅग होती, पंधरा-वीस मिनिटांनी परत आले.

कश्मिराला विचारलं. फाइल कुठं ठेवलीय हे कुणाकुणाला माहीत होतं? मंगळवारी तिनं दोन्ही पोरांना आणि अनुष्काच्या वडिलांना खोलीत बोलावलं होतं, त्यांच्या समोरच फाइल कपाटात ठेवली. मला बोलावलं नव्हतं, मी शाळेची नोकर म्हणून. हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी तो नंतरसाठी ठेवला.

विवेक पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचे यजमान दर वर्षी तेच, सोवळं नेसून, पोथी समोर ठेवून, प्राणप्रतिष्ठेपासून उत्तरपूजेपर्यंत सगळं यथासांग. फाइल गेली की मुलीवरचा डाग गेला. सगळं कसं कुलपात किल्ली बसावी तसं बसलं.

मी लाईबांकडे जाऊन अक्षतांची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तांदूळ म्हणजे पुरावा नाही, आणि तोही पुसला गेलाय. कमिटीच्या माणसावर आरोप करायचा तर माझ्याकडे नाव नको, कबुली हवी.

कबुली हवी तर कबुली. इथं सुट्टी शुक्रवार-शनिवारची. शुक्रवारी सकाळी मी साडी नेसले, गंधारला नाश्ता करून ठेव म्हणून सांगितलं आणि गाडी काढली. तो दारापर्यंत आला. कुठं जातेस विचारलं. म्हटलं, चोराच्या घरी. पोरगा पांढरा पडला. मला वाटलं, आईची काळजी.

५

जनाबियातला त्यांचा व्हिला म्हणजे कंपाउंडात कंपाउंड. विवेक पायरीपर्यंत आले, या काकू म्हणाले. बायकोनं दसऱ्याची आपट्याची पानं पुढे केली. मी ती घेतली नाही.

मी सगळं तोंडावर सांगितलं. अक्षता, कटर, पार्किंग, बॅग. देवाची माफी मागून चोरी करायची आणि बावीस वर्षं इमानानं राबलेल्या माणसाला चोर ठरवायचं, हे कुठल्या पोथीत लिहिलंय, असंही विचारलं.

विवेक रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. ते म्हणाले, बँकेचा फोन होता, गाडीत लॅपटॉप उघडून बसलो होतो, बँकेत त्याची नोंद आहे, दाखवतो. मग म्हणाले, "काकू, बैठक व्हावी म्हणून मीच मागे लागलो होतो. फाइल गेल्यानं नुकसान माझ्या मुलीचं आहे."

मी हार मानणारी नव्हे. म्हटलं, मग पूजेतलं हत्यार उत्तरपूजा करून उचलणारा तुमच्याशिवाय दुसरा आहे कोण? तुम्हीच ना मंडळाच्या गणपतीला निरोप देता? ते म्हणाले, हो, देतो. अक्षता वाहतो, मूर्तीच्या हातावर दही घालतो आणि हलवतो. कटरवर दही सापडलं का तुम्हाला? यात थट्टा नव्हती, त्यांना खरंच विचारायचं होतं.

दही नव्हतं.

तेवढ्यात अनुष्का जिन्यात येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीतून. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता.

"आंटी," ती म्हणाली, "प्लीज चेक युअर अटेंडन्स. सप्टेंबर फोर्टीन."

हजेरी बघायची मला गरज नव्हती. चौदा सप्टेंबरला मी काय मांडलं होतं ते मला पाठ होतं.

६

हमद टाउनला आमच्या घरी यायला एरवी वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी मी एकाच दवाराला, म्हणजे गोल चौकाला, तीन फेऱ्या मारल्या, बाहेर पडायचा रस्ताच दिसेना.

दही नव्हतं, पण मुंग्या होत्या. अक्षतांना मुंग्या लागत नाहीत. पेढे तसबिरीसमोर डब्यात बंद होते, तिथं एक मुंगी नव्हती. मुंग्या फक्त कटरखाली होत्या, म्हणजे तिथं काहीतरी गोड होतं. आणि तिथून दोन हातांवर शंभूची साखरेची बरणी.

माझ्या सासूबाई सांगायच्या, देवाला उठवताना रिकाम्या हातानं उठवू नये. दह्याचा नेम सगळ्यांच्यात, आमच्यात चिमूटभर साखर. अक्षता, साखर, मग हात लावून जरासं हलवायचं. त्यांच्यामागे मी तेच करत आले, आणि यजमान गेल्यापासून घरातला पुरुष म्हणून ते गंधार करतो. अकरा वर्षांचा होता तेव्हा मी त्याच्या हाताला धरून शिकवलंय. साप साप म्हणून मी अख्ख्या जनाबियात भुई धोपटत फिरले, आणि दिव्याखाली अंधार.

घरी आले. देव्हाऱ्यातली अक्षतांची वाटी आणली, स्वयंपाकघरातून साखरेचा डबा आणला, दोन्ही जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि गंधारला हाक मारली. त्यानं दोन्हीकडे पाहिलं आणि खुर्चीत बसला.

"का?" मी विचारलं.

"यू मार्क्ड मी प्रेझेंट, आई."

एवढंच बोलला. त्या महिन्यात त्याला ताप येऊन गेला होता, सुट्ट्या भरल्या होत्या. आणखी एक गैरहजेरी झाली असती तर केमिस्ट्रीचं वर्ष गेलं असतं. चौदा तारखेला पोरगा झोपून राहिला. मी ऑफिसात बसून त्याच्या नावापुढं हजर मांडलं, एक बटण दाबलं, झालं. पण कागदावर हजर असलेल्या मुलाच्या वहीत त्या दिवशीचे आकडे नकोत? ते त्यानं अनुष्काकडून घेतले. तिनं मैत्रीत दिले. आणि प्रयोगशाळेच्या दारावरच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या होत्या, त्याची नव्हती. बैठकीत कुणीतरी तो कागद माझ्या हजेरीशेजारी ठेवला असता, की खलास. माझी नोकरी, माझा व्हिसा, माझ्या व्हिसावर असलेला त्याचा व्हिसा. पोरानं चोरी स्वतःसाठी केली नव्हती.

मग शंभूकाकाचा विचार नाही आला, म्हणून विचारलं. तो रडायला लागला. त्याला वाटलं होतं, शंभूकाकावर कुणी संशय घेणारच नाही. नवमीला काका हात लावत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना म्हणजे कुणाला रे? तुला, मला आणि त्याला. लेकरा, अख्ख्या शाळेत तिघांना माहीत असलेली गोष्ट तू जगाला माहीत आहे असं धरून चाललास.

अक्षता का वाहिल्यास, हे विचारायचा मला धीर होत नव्हता. त्यानं आपणहून सांगितलं. "तूच म्हणतेस ना, डोन्ट लिफ्ट इट विदाउट आस्किंग."

फाइल त्याच्या दप्तरात होती. फाडायचा धीर झाला नव्हता.

७

आता लाजेची गोष्ट. सरळ रविवारची सकाळ सांगून मोकळी झाले असते, पण मधे शनिवार होता. तो अख्खा दिवस मी गप्प बसले. गंधारनं विचारलं, डॉ. लाईबांना फोन करतेस का, तर म्हटलं, सुट्टीच्या दिवशी नको. खरं सांगते, मी मनात तराजू घेऊन बसले होते. एका पारड्यात माझं पोर, दुसऱ्यात शंभू. तो तसाही डिसेंबरात जाणारच आहे, हे वाक्य मी त्या दिवशी किती वेळा घोकलं, ते देवाला माहीत. हेच वाक्य लाईबा बोलल्या असत्या तर मी त्यांच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

रविवारी सकाळी पावणेसातला आम्ही शाळेत पोहोचलो. मी दीड तास गाडीतच बसून राहिले. गंधार शेजारी, फाइल मांडीवर. सव्वाआठला उतरलो.

शंभूनं साडेसातला सही केली होती.

तो वर्कशॉपात हत्यारं पुसून खोक्यात भरत होता. मी दारात उभी राहिले आणि मला सगळं कळलं. आमच्या गणपतीच्या पायाशी साखर ठेवलेली त्यानं दर वर्षी पाहिली होती. गुरुवारी कटर उचलला तेव्हाच त्यानं ओळखलं, आणि म्हणून फडकं घेतलं. मी त्याला वेड्यात काढलं होतं.

मी म्हटलं, शंभू, हे बरं नाही केलंस. तो खोका बांधत राहिला. म्हणाला, "वैनी, दादांनी मला हितं आणलान. त्यांचा पोरगा हाय." मग गंधारकडे न बघता म्हणाला, "पण पोरानं मला इचारायला होवं होतं. मी दार उघडंच ठेवलंव होतं."

गंधारला पुढं घालून मी लाईबांच्या केबिनमध्ये गेले. फाइल टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, चौदा सप्टेंबरच्या बटणासकट. म्हटलं, आता शंभूची सही फाडा.

लाईबांनी दार लावून घेतलं. फाइल स्वतःकडे ओढली. मग बोलल्या, गोडच बोलल्या. हजेरी खोटी निघाली हे बाहेर गेलं तर शाळेच्या प्रत्येक मुलाच्या कागदांवर शंका घेतली जाईल. ऐन अर्जांच्या महिन्यात, तीनशे मुलांच्या. शंभूनं आपणहून सही केलीय, व्हिसा रद्द करायचे कागद सकाळीच गेलेत. मी घरगुती कारणानं राजीनामा द्यावा. गंधारचे कागद स्वच्छ मिळतील, अनुष्काचेही. मी विचारलं, आणि शंभूचे? त्या म्हणाल्या, त्याला चांगल्या कामाचं पत्र देऊ.

मी म्हटलं, पत्रात एवढंच लिहा की यानं चोरी केली नाही. त्या म्हणाल्या, तसं लिहिलं तर कुणी केली ते लिहावं लागेल.

त्यांनी फाइल खणात टाकली. त्या खणाला कुलूपच नव्हतं.

माझा राजीनामा मी लिहिला. गंधारनं त्याच दिवशी शाळा सोडली, त्याचं त्यानं ठरवलं, मी काही बोलले नाही. शंभू बुधवारच्या विमानानं गेला. त्याची हत्यारं त्याच्याबरोबर गेली, कटर तेवढा पुरावा म्हणून शाळेनं ठेवून घेतला. कशाचा पुरावा, ते विचारायला मी तिथं उरले नव्हते.

८

डिसेंबरात आम्ही मायलेक कराडला आलो. आल्याच्या चौथ्या दिवशी एसटीनं लांजा, तिथून रिक्षानं त्याचं गाव. गावात बातमी त्याच्या आधीच पोहोचली होती. वाडीतला एक जण बहारीनला ट्रक चालवतो, त्यानं घरी फोनवर सांगितलं होतं की शंभूला शाळेनं चोरीसाठी काढला. बावीस वर्षं रत्नाबाईनं जे नाव मिरवलं, ते एका फोनमध्ये गेलं.

मी त्यांच्या अंगणात वाडीतली माणसं बोलवायला लावली. पंधरा-वीस जमली. शंभू नको नको म्हणत होता, मग ओटीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मी आता तुम्हाला सांगितलं तसंच सगळं सांगितलं. कुलूप, अक्षता, मुंग्या, विवेक, साखर, शनिवार, गाडीतला दीड तास. काही झाकलं नाही. एक म्हातारा म्हणाला, बाई, तुम्ही येऊन सांगितलंत हे मोठेपण. त्याला मी हात जोडले आणि गप्प बसवलं.

रत्नाबाई दाराला टेकून उभी होती. माझं सगळं सांगून झालं. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"म्हंजे पोरगा त्या दिवशी साळंत नव्हता," ती म्हणाली, "आनी तुमी त्याला हजर मांडलात."

मी हो म्हटलं.

"मग आमच्या ह्यांच्या नावापुढं काय मांडलात?"

एकोणीस वर्षं प्रत्येक नावापुढं काहीतरी मांडणारी बाई मी. अंगणातली माणसं वाट बघत होती.

उत्तर गंधारनं दिलं. हा मुलगा मला जन्मभर इंग्रजीतून उत्तर देत आला.

"चोर मांडलं, काकू," तो म्हणाला. "आणि ते खोटं होतं. चोर मी आहे."

रत्नाबाई त्याच्याकडे बघत बसली. त्याला जवळ घेतलं नाही. माणसं एकेक करून उठून गेली. शंभू कोपऱ्यातून उठला आणि चहा टाकायला आत गेला.